अनुभव धागा: जँगोची मॉडेल्स, मायग्रेशन्स आणि खरा डेटा

एक क्लास (म्हणजे मॉडेल, डेटाबेसमधल्या एका टेबलाचं वर्णन), चार फील्ड्स (त्याचे कॉलम), मग मेकमायग्रेशन्स (बदलांची फाइल, म्हणजे मायग्रेशन, बनवणारी कमांड), मग मायग्रेट (ती फाइल डेटाबेसवर चालवणारी). जँगो हे पायथनमधलं वेब फ्रेमवर्क शिकताना हा भाग अर्ध्या तासात उरकतो. त्याच टेबलात खऱ्या लोकांचा डेटा साठला की पुढे काय होतं, यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगतो: जे नंतर बदलायला अवघड, तेवढ्यावरच डोकं खर्च करावं. बाकीचं मायग्रेशन सांभाळून घेतं.

सुरुवात माझ्यापासून, मग तुम्ही आपापल्या नावाने लिहा. नवीन प्रोजेक्टमध्ये पहिलं मायग्रेट चालवण्याआधी मी स्वतःचं युजर मॉडेल करून ठेवतो, त्यात एकही जादा फील्ड नसलं तरी. ही सोय जँगो 1.5 पासून आहे. इतर टेबलांच्या फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारे कॉलम) मूळ युजर टेबलाला एकदा चिकटल्या की मग हाताने एसक्यूएल (डेटाबेसच्या आज्ञा) लिहीत बसावं लागतं. एका ग्राहकाला चालू सिस्टिममध्ये मोबाइल नंबरने लॉगिन हवं झालं, तेव्हा या सवयीचं चीज झालं.

साताऱ्याचा पाहुणा
मराठी मजकूर साठवणाऱ्यांसाठी. आमच्याकडे गावांची यादी होती आणि प्रत्येक गावाचं पान त्याच्या नावाच्या स्लगवर (यूआरएलमधल्या छोट्या नावावर) उघडायचं होतं. स्लग बनवणाऱ्या स्लगिफाय फंक्शनला युनिकोड चालू ठेवायला सांगितलं, तरी 'पुणे'चं 'पण' झालं आणि 'सातारा'चं 'सतर'! कारण असं की पायथनच्या रेगेक्समध्ये (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या नियमात) काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं धरली जात नाहीत, म्हणून ती गाळली जातात. स्लगफील्डची तपासणीही तसल्याच रेगेक्सवर चालते, त्यामुळे हाताने नीट 'पुणे' लिहून दिलं तरी फॉर्म ते नाकारतो. शेवटी स्लग रोमन लिपीत ठेवला आणि मराठी नावाला वेगळं फील्ड दिलं.

मॅक्स लेंग्थचंही (फील्डमध्ये जास्तीत जास्त किती अक्षरं मावतील त्या मर्यादेचंही) तेच. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरांचं वाटतं, पण मोजणीत 10 भरतं. जोडाक्षरातला हलन्त वेगळा, मात्रा वेगळी. नावाचं फील्ड डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांच्या अंदाजाने आखलं की आडनावापाशी जागा संपते.

लेखापाल ते प्रोग्रामर
पैशाला डेसिमलफील्ड, म्हणजे दशांश अचूक ठेवणारं फील्ड. फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) वापरलेला ताळेबंद जुळवत बसण्याइतकं आयुष्य मोठं नाही.

निनावी
ऑन डिलीट, म्हणजे मूळ नोंद काढली तर तिच्याशी जोडलेल्या नोंदींचं काय करायचं ते. जँगो 2.0 पासून ते फॉरेन कीमध्ये लिहावंच लागतं, त्याआधी न लिहिता कॅस्केड (जोडलेल्या नोंदीही काढणं) गृहीत असायचं. लिहावं लागतं म्हणून सगळे डोळे मिटून कॅस्केडच लिहितात, हा भाग निराळा. एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद झालेली शाखा कुणीतरी अ‍ॅडमिनमधून काढून टाकली आणि तिच्या पावत्याही सोबत गेल्या. अ‍ॅडमिन आधी यादी दाखवतो, 'हे सगळं जाईल' म्हणून. पण पानभर यादी कोण वाचतंय? बॅकअप होता म्हणून निभावलं. आता पैशाशी संबंध असलेल्या प्रत्येक नात्याला प्रोटेक्ट (जोडलेल्या नोंदी असतील तर काढूच न देणं), आणि शाखेला 'चालू आहे का' असं एक बूलियन (हो/नाही) फील्ड.

जुना खोंड
मायग्रेशन्स जँगोतच आली ती 2014 मध्ये, 1.7 सोबत. त्याआधी साउथ नावाचं वेगळं पॅकेज असायचं. दोन्ही अँड्र्यू गॉडविनचंच काम. आजच्या पोरांना एवढं आयतं मिळतं, आणि काही टीम्स मायग्रेशनच्या फायली गिटमध्ये (कोडचा सामायिक इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवतच नाहीत! प्रत्येकाने आपापल्या मशीनवर वेगळ्या बनवायच्या आणि सर्व्हरवर भलत्याच. दोन ब्रँचमध्ये एकाच फायलीवरून फाटे फुटले तर मर्जचा पर्याय आहे की. फायली कमिट करा.

इंडेक्सवाली
धागाकर्त्याच्या 'बाकीचं मायग्रेशन सांभाळून घेतं' याला माझा विरोध. पोस्टग्रेस डेटाबेसवर मोठ्या टेबलाला साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) लावला की तो बांधून होईपर्यंत त्या टेबलात काहीही लिहिता येत नाही. भर दुपारी ऑर्डर्स थांबल्या की सगळ्यांना मायग्रेशन म्हणजे काय ते कळतं. त्यासाठी अ‍ॅडइंडेक्सकन्करंटली (लिहिणं न थांबवता इंडेक्स बांधणारं ऑपरेशन) आहे, 3.0 पासून, फक्त त्या फायलीत अ‍ॅटॉमिक फॉल्स (सगळे बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये नकोत, असं) करावं लागतं.

दुसरं, फील्डचं नाव बदललं की मेकमायग्रेशन्स विचारतं, 'नाव बदललंत का?' घाईत नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' धरलं जातं. मग जुना कॉलम काढायचा आणि नवा रिकामा घालायचा अशी फाइल तयार होते. मायग्रेट केलं की डेटा गेला. म्हणून आमच्याकडे एसक्यूएलमायग्रेटचं आउटपुट (मायग्रेशन डेटाबेसवर नेमकं काय चालवेल ते एसक्यूएल) जोडल्याशिवाय रिव्ह्यू पुढे सरकत नाही.