अनुभव धागा: हाताची घडी, तोंडावर बोट

अबोली
मे अखेरीस शाळेतून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं घंटेवर जगले. आता घंटा नाही, पण डोक्यात तास चालूच. लेक म्हणाली, "आई, रोज दहा मिनिटं गप्प बसून बघ." मला हसूच आलं. साठ-साठ पोरांना आयुष्यभर मी हेच तर सांगत आले!

बसले. देवघराशेजारी सतरंजीची चौघडी, पाठ भिंतीपासून वीतभर पुढे. श्वास मोजायचे, एक ते दहा, मग परत एकपासून. पहिल्या दिवशी चारच्या पुढे गाडी गेलीच नाही. चार आला की डाळ भिजत घातली का, ते आठवायचं. शेवटी उठून बघितलं. घातली होती.

पाच महिने झाले. सलग दहापर्यंत जाणं अजून आठवड्यातून एखाद-दोनदाच होतं. फरक एवढाच की भरकटल्याचं आता लवकर कळतं. आधी आकडा थेट सतरावर गेल्यावर कळायचं.

तुम्ही सुरुवात केली असेल, अडखळला असाल, तर जसं घडलं तसं लिहा. कुंडलिनी, प्रकाश, चमत्कार नकोत. आणि ज्यांनी सोडून दिलं त्यांनी आधी लिहा.

डबलबेल
ताई, मी दोनदा सोडलंय, सध्या तिसरी फेरी. एसटीत कंडक्टर आहे. घर दहा बाय बारा, माणसं पाच, तिथे कुठलं ध्यान! मुक्कामाची ड्युटी असली की जमतं. पहाटे ड्रायव्हर इंजिन चालू करतो, ब्रेकची हवा भरेपर्यंत काही मिनिटं जातात. तेवढी माझी. मागच्या सीटवर डोळे मिटून बसतो. सीट थरथरत असते, तीही आता सवयीची झाली.

मोजताना मनात "एक फुल, एक हाफ" सुरू होतं. २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे हाफच जास्त.

पायरीआंबा
मला झोप लागते. बाकी अनुभव नाही.

अबोली
@पायरीआंबा, जेवणानंतर बसता का?

पायरीआंबा
हो. दुपारी. वरणभातानंतर.

अबोली
मग त्यात ध्यानाचा काय दोष?

कळसूबाई
माझी सुरुवात उलटी झाली. दहा मिनिटांचीही सवय नसताना थेट इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले. धम्मगिरी, गोएंका गुरुजींनी १९७६मध्ये सुरू केलेलं केंद्र. पैसे घेत नाहीत, शेवटी वाटलं तर दान. फोन पहिल्याच दिवशी जमा. पहाटे चारला घंटा, साडेचारपासून बैठक, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि थोडंसं खाणं. त्यानंतर काही नाही. बोलणं बंद, खाणाखुणाही बंद.

पहिले तीन दिवस फक्त आनापान. म्हणजे श्वास जसा येतो-जातो तसा बघायचा, नाकपुड्यांशी आणि वरच्या ओठावर. खोल घ्यायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचाही नाही. मला प्राणायामाची सवय, हात आपोआप नाकाकडे जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मनातल्या मनात बॅग भरली, रिक्षा ठरवली, कसाऱ्याला पोचलेसुद्धा. चौथ्या दिवसापासून 'अधिष्ठान': तासभर हात, पाय, डोळे उघडायचे नाहीत. डाव्या घोट्यात असा काही जाळ उठला की मला शपथेवर वाटलं, हाड मोडलंय. तास संपला, उठले, दहा पावलं चालले आणि दुखणं कुठे गेलं ते कळलंच नाही. हे मात्र मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगते.

घरी आल्यावर सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा, असं सांगतात. मी एकोणीस दिवस टिकले. मग एक दिवस चुकला, त्याची लाज वाटून दुसरा चुकवला आणि पुढे वर्षभर काहीच नाही. गेल्या पावसाळ्यात पुन्हा सुरू केलं. फक्त पंधरा मिनिटं, दात घासले की लगेच. हे टिकलंय. नवीन माणसाला मी शिबिरापेक्षा आधी दात घासण्याला चिकटवा असंच सांगेन. जुने साधक रागावतील, रागावू देत.

तर्कटराव
मी नास्तिक. बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्याच, शिवाय रोज थोडं शांत बसा. देव नको, श्वास चालेल, म्हटलं. कंटाळा आला तेव्हा एक प्रयोग केला, तुम्हीही करा. मनगटावर दोन बोटं ठेवा, नाडी लागू द्या आणि सावकाश श्वास घ्या. आत घेताना ठोके किंचित घाईत पडतात, सोडताना रेंगाळतात. उच्छ्वास लांबवला की रेंगाळणं जास्त जाणवतं. यात गूढ काही नाही, मेंदूकडून हृदयाला जाणारी व्हेगस नस ते करते. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अर्धा तास नुसता नाडी धरून बसलो होतो. बायकोला वाटलं, दुखतंय.

गोळ्या चालूच आहेत हो. कुणी बंद करू नका.

आजोबा७८
तर्कटराव, मनगट धरून पाहिले. मला काही फरक लागेना.

तर्कटराव
काका, वयाप्रमाणे तो फरक कमी होत जातो. काळजीचं कारण नाही.

आजोबा७८
बरे. आमचे ध्यान म्हणजे माळ. पण गुडघे गेल्यावर मांडी सुटली आणि मांडीशिवाय जप कसला, म्हणून दोन वर्षे सोडूनच दिले होते. नातीने जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून ठेवली. म्हणाली, "आजोबा, पाय जमिनीला टेकले म्हणजे झालं." तिचे ऐकले. ज्यांना मांडी घालता येते पण पायांना मुंग्या येतात, त्यांनी बुडाखाली जाड उशी घ्यावी. गुडघे कमरेच्या खाली आले की पाठ आपसूक सरळ राहते.

पाणकणीस
लिहू की नको असं वाटत होतं. बाबा गेले त्यानंतर सगळे म्हणाले ध्यान कर, बरं वाटेल. डोळे मिटले की आयसीयूमधल्या मॉनिटरचा आवाज यायचा. श्वासाकडे लक्ष दिलं की बाबांचा शेवटचा श्वास आठवायचा. छाती धडधडायची, हात गार. मला वाटलं मीच चुकीचं करतेय, म्हणून आणखी नेटाने बसले. आणखी बिघडलं.

समुपदेशकांनी थांबवलं. डोळे उघडे ठेवायचे, श्वास सध्या नाहीच, गच्चीत चालायचं आणि तळव्याखाली फरशी कशी लागते तेवढंच बघायचं. कुठे उन्हाने तापलेली, कुठे टाकीतलं पाणी गळून ओली. आठ महिने तेच करतेय.

अबोली
पाणकणीस, बरं झालं लिहिलंस गं. अशा वेळी 'नेटाने बस' म्हणणाऱ्यांत मीही असते. यापुढे नाही म्हणणार.

दूरदेशी
स्टॉकहोमहून. संयुक्त राष्ट्रांनी २०२४मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस ठरवला. इथे त्या दिवशी पावणेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा डोळे मिटायला तसंही फार कष्ट नाहीत. त्या आठवड्यात ऑफिसात ध्यानाची खोली उघडली. सहाजण बसलो, एक घोरला. खोलीत आता प्रिंटर आहे. मी ट्राममध्ये बसतो, चार स्टॉप.

डबलबेल
@पाणकणीस, काल थांब्यावर पाच मिनिटं होती तेव्हा तुमचं करून बघितलं, गाडीत उभ्या उभ्या. बुटातून काही लागलं नाही. बूट काढले तर पहिल्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, "देऊळ आलं का रं?"

पायरीआंबा
सकाळी बसलो. झोप लागली नाही. तीन मिनिटांत भूक लागली.

अबोली
मी आज सलग तीनदा दहापर्यंत गेले! श्वास मोजले, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. खिचडी करपलीय. लेकीला सांगितलेलं नाही.