प्रति: महागडा डॅक असलेला ब्ल्यू-रे प्लेअर घ्यावा का?

तुमची जोडणी एचडीएमआयने रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या एव्ही अ‍ॅम्प्लिफायरला) असेल, तर डिजिटल आवाजाचं अ‍ॅनालॉग करायचं डॅकचं काम रिसीव्हरच करतो. प्लेअरमधल्या भारी डॅकला तिथे कामच उरत नाही. त्यावर पैसे घालवू नका. स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला आरसीए वायरने जोडून सीडी किंवा एसएसीडी (सीडीपेक्षा वरच्या दर्जाची ऑडिओ डिस्क) ऐकणार असाल तर गोष्ट वेगळी.

वर एकांनी ऑप्टिकल केबल सुचवली आहे. कृपया नको. तिच्यातून डॉल्बी डिजिटल आणि साधं डीटीएस ५.१ जातं, ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ब्ल्यू-रेवरचे पूर्ण दर्जाचे ट्रॅक जात नाहीत. ज्या ट्रॅकसाठी डिस्क घेतली, तो डिस्कवरच राहतो.

खरी मेख मेनूत आहे. सेकंडरी ऑडिओ (काही प्लेअरमध्ये बीडी ऑडिओ मिक्स) चालू असेल तर प्लेअर मूळ ट्रॅकमध्ये भाष्य, मेनूचे आवाज स्वतःच मिसळायला जातो आणि अ‍ॅटमॉस (वरूनही येणारा डॉल्बीचा सराउंड आवाज) गायब होतं. तो बंद करा, आउटपुट बिटस्ट्रीमवर ठेवा, म्हणजे ट्रॅक न उलगडता जसाच्या तसा रिसीव्हरकडे जातो. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर ‘मल्टी पीसीएम’ऐवजी (म्हणजे प्लेअरनेच उलगडलेल्या आवाजाऐवजी) ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’ उमटलं की जमलं.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, शेजाऱ्यांची भिंत आमच्या भिंतीला लागून. रात्री १० नंतर मी रिसीव्हरचं डायनॅमिक रेंज कंट्रोल लावतो: संवाद स्पष्ट, स्फोट आटोक्यात. प्लेअर पारखताना मात्र ते बंदच हवं.

आणि दुकानात एसीच्या आवाजात डिस्क फिरण्याची घरघर कळत नाही. हळू आवाजातला एखादा प्रसंग लावा आणि ट्रेजवळ कान नेऊन ऐका. घरघर जाणवली तर ते मॉडेल सोडा, मग डॅक कितीही भारी असो.