‘दूध-भात घालतो की! अजून काय पाहिजे कुत्र्याला?’

शेपूटवाली

आधी भांडणाचं कारण सांगते. मागच्या रविवारी जिन्यात आमच्या खालचे, तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. लॅब्राडोरचं पिल्लू आणलंय, अडीच महिन्यांचं. काय घालता, विचारलं. म्हणाले, "घरचंच. दूध-भात, उकडलेलं चिकन. पाकिटातलं केमिकल आपण घालत नाही." माझ्या तोंडून निघून गेलं, "मग पायांकडे लक्ष ठेवा." काका दुखावले. आता लिफ्टमध्ये भेटले की मोबाईलमध्ये डोकं घालतात.

बोलायची रीत चुकली, कबूल. पण आमचा गोट्या असाच वाढला होता. बोनलेस चिकन, भात, वर चमचाभर तूप. पाचव्या महिन्यात पुढचे पंजे बाहेर फाकायला लागले. आम्हाला वाटलं, चालच तशी असेल. मग एकदा दिवाणावरून उडी मारली आणि मागचा पाय उचलूनच धरला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि विचारलं, "हे हाड आणि हे बाजूचं मांस. रंगात फरक दिसतोय?" जवळजवळ नव्हताच. हाड पांढरंशुभ्र दिसायला हवं, ते मांसासारखंच राखाडी.

घरी येऊन हिशोब मांडला. वाढत्या पिल्लाला हजार कॅलरीमागे साधारण ३ ग्रॅम कॅल्शियम लागतं. तीनशे ग्रॅम उकडलेलं चिकन आणि चारशे ग्रॅम भात मिळून हजार कॅलरी होतात. त्यात कॅल्शियम किती? शंभर मिलिग्रॅमच्या आत! शिवाय मांसात फॉस्फरस भरपूर. तो तोल सांभाळायला शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढतं. दुधावर भागवायचं म्हटलं तर गाईचं अडीच लिटर दूध रोज पाजा आणि जुलाब निस्तरत बसा.

म्हणून माझं मत सरळ आहे. पिल्लू वर्षाचं होईपर्यंत, त्यातून मोठ्या जातीचं असेल तर दीड वर्षाचं होईपर्यंत, बऱ्यापैकी कंपनीचं पिल्लांसाठीचं पाकीट आणा. पाकिटावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ आणि कुठल्या वयासाठी ते लिहिलेलं असावं. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलं असेल तर तो खाऊ झाला, जेवण नव्हे. दुकानात उघड्या गोणीतून किलोवर मिळतं ते स्वस्त पडतं, पण त्यातली चरबी हवेने खवट होते. नाक लावून बघा एकदा. आणि पाकीट चालू असताना वरून कॅल्शियमचं सिरप नको. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवणं जमत नाही, त्यानेही हाडं वाकडी होतात. हे सिरप आपल्याकडे प्रसादासारखं वाटलं जातं.

घरचं म्हणजे चांगलंच, असं मी आता मानत नाही. मतं येऊ द्या. फक्त ‘आमच्या आजोबांच्या वेळी’ नको.

मळेकरी

नेमकं तेच लिहायला आलोय.

सांगोल्याकडचा आहे. घरी मेंढरं, त्यामुळे कुत्री पिढ्यान्‌पिढ्या. आमचा वाघ्या कारवानी जातीचा. सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, कधी कालवणाचं पाणी. त्याचा बाप तेरा वर्षं जगला, शेवटच्या वर्षापर्यंत ससा उठवायचा. एक्स-रे सोडा, त्याला सुई कशी दिसते ते ठाऊक नव्हतं. तुमच्या गोट्याला चिकन-भात नडला नाही ताई, चौथा मजला नडला.

खवट_खोबरं

मळेकरींशी सहमत, कारण वेगळं.

पाकिटावरच्या बारीक अक्षरांवर एवढा विश्वास कुठून येतो? २००७ साली अमेरिकेत आणि कॅनडात शंभराहून जास्त ब्रँडांचं खाद्य परत मागवावं लागलं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रथिनात, मेलामाइन हे प्लास्टिक बनवायचं रसायन मिसळलेलं निघालं. का मिसळलं? प्रथिनं मोजताना नायट्रोजन मोजतात आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन ठासून भरलेला. कागदावर प्रथिनं वाढली, कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं गेली. ते सगळं ‘बऱ्यापैकी कंपन्यांचंच’ होतं.

दुसरं. आत्ता माझ्यासमोर एक पाकीट आहे. प्रथिनं २२, स्निग्ध १०, तंतू ५, पाणी १२. बेरीज ४९. राख, म्हणजे क्षार, ८ धरा. झाले ५७. उरलेले ४३ कसले? पिष्टाचे! पाकिटावर त्यांचा उल्लेख नाही, चित्र मात्र भाजलेल्या तंगडीचं. यादीत पहिलं नाव ‘चिकन’ दिसलं तरी भुलू नका. यादी कच्च्या वजनाप्रमाणे असते आणि कच्च्या चिकनमध्ये सत्तर टक्के पाणी. पुढे मका, मक्याचं ग्लुटेन, मक्याचा कोंडा अशी तीन नावं सुटी लिहिली की मका मागे आणि चिकन पुढे.

आपल्याकडे तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातल्या ‘अन्ना’च्या व्याख्येत पशुखाद्य येतच नाही. आणि आमचे जुने डॉक्टर ज्या पाकिटाची शिफारस करायचे त्याच्याच गोण्या दवाखान्यात औषधांच्या कपाटाखाली रचलेल्या असायच्या. त्यापेक्षा माझं चिकन मी समोर उभा राहून तोडून घेतो.

जर्सीतली_गाय

अमेरिकेतून. इथे उलटीच तऱ्हा आहे, लोकांना पाकीट हवं पण त्यात धान्य नको. मीही त्या लाटेत वाहून गेले. गहू-मका-तांदूळ नाही म्हणजे कुत्रा लांडग्यासारखा निरोगी, असं वाटायचं. २०१८ मध्ये एफडीएने, म्हणजे इथल्या अन्न-औषध प्रशासनाने, जाहीर केलं की अशा धान्यविरहित, वाटाणे-मसूर भरलेल्या खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयाचे स्नायू ताणले जाण्याच्या आजाराशी संबंध आहे का, ते तपासतोय. संबंध पक्का सिद्ध झालेला नाही, २०२२ च्या शेवटी त्यांनी नवीन शास्त्रीय माहिती मिळेपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं. मी मात्र तेव्हाच साध्या भात-चिकनवाल्या पाकिटावर परत आले.

अवांतर: इथे नावातही गंमत असते. ‘विथ चिकन’ म्हणायला ३ टक्के चिकन पुरतं. ‘चिकन डिनर’ला २५ टक्के. आणि नुसतं ‘चिकन फ्लेवर’ असेल तर वासापुरतं.

पार्लेकर_आजोबा

आमच्याकडे शुद्ध शाकाहार. आमची सोनी पॉमेरेनियन, वय नऊ. मुगाची खिचडी, पनीर, गाजर. काहीही त्रास नाही. साजूक तुपातला शिरा फार आवडतो. शिऱ्यातले बेदाणे तर वेचून खाते.

शेपूटवाली

आजोबा, बाकीचं नंतर बोलू, बेदाणे आजपासून बंद करा! द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी असतात. एखाद्याला पसाभर पचतात, एखाद्याला चार भारी पडतात. खिचडीत कांदा-लसूण असेल तर तोही नको.

पार्लेकर_आजोबा

बाप रे. सूनबाईंना सांगतो. काजू चालतो ना?

तिसऱ्या_वर्षाचा

पशुवैद्यकाचा विद्यार्थी आहे. डॉक्टर नाही, तेव्हा हलकं घ्या.

मळेकरी, तुमचा वाघ्या निव्वळ भाकरी-ताकावर आहे असं मला वाटत नाही. तो दिवसभर मेंढरांमागे असतो. मेंढी व्यायली की वार कोण खातं? मेलेलं कोकरू? उंदीर, घुशी? खाटकाने टाकलेली कच्ची हाडं? भाकरी तुम्ही घालता ती दिसते, बाकीचं तो तुमच्यामागे खातो. कॅल्शियम तिथून येतं. सोसायटीतल्या कुत्र्याला भाकरी दिली की ती भाकरीच राहते. ऊन अंगावर घेऊनही कुत्र्याच्या कातडीत पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, तेही खाण्यातूनच यावं लागतं.

खोबरं, तुमचं पिष्टाचं गणित बरोबर आहे, निष्कर्षाशी असहमत. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढली त्यांनी. शिजवलेलं पिष्ट त्यांना पचतं.

आणि समोर तोडून घेतलेल्या चिकनबद्दल. २०१३ मध्येच अमेरिकेत पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या घरगुती कुत्र्या-खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या. १९० मध्ये निदान एक आवश्यक घटक कमी निघाला. कित्येक पाककृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या, आमचीच नाचक्की. घरचं जमत नाही असं नाही, पण ते अंदाजपंचे जमत नाही. कृती लिहून घ्यावी लागते, जस्त-आयोडीनची पूड तोलावी लागते आणि उद्या चिकनऐवजी मासे घातले की सगळा हिशोब नव्याने.

काजू विषारी नाहीत आजोबा, पण एवढ्याशा पॉमला फार तेलकट. नऊ वर्षं खिचडी-पनीरवर झाली असतील तर एकदा रक्त तपासून घ्या.

खवट_खोबरं

वार आणि उंदरांचा मुद्दा पटला, बाकी नाही. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे बहुतेक वेळा कागदावरच्या आकड्यांवरून लिहिलेलं असतं, कुत्र्यांना घालून बघितलेलं असतंच असं नाही. आफ्को म्हणजे अमेरिकेतल्या पशुखाद्य-नियामकांची संघटना, तिच्या नियमांत दोन्ही चालतं. तेव्हा शेपूटवालीताई, तुमची कंपनी यातलं काय करते, हे ईमेल करून विचारलंत कधी?

शेपूटवाली

नाही विचारलं. आज विचारते. उत्तर आलं तर इथे डकवते.

मळेकरी

वार खातो हे खरं, लपवायचं काय त्यात.

पण ताई, एक सांगा. पाकिटावर वाढलेला तुमचा गोट्या आता किती किलोचा?

शेपूटवाली

इथे पकडलंत. ३८. डॉक्टर म्हणतात ३० हवा. बरगड्या दाबल्याशिवाय लागत नाहीत. पण मी पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणेच घालते हो!

मळेकरी

वाघ्याच्या बरगड्या रस्त्यावरून मोजता येतात. बसा आता.

तिसऱ्या_वर्षाचा

ताई, तो तक्ता धावणाऱ्या कुत्र्यालाही लागू पडावा असा सढळ असतो. गोट्याची नसबंदी झालेली, फिरणं दोन वेळा वीस मिनिटं. तीस किलोच्या लॅब्राडोरला साधारण १४०० कॅलरी, म्हणजे चारशे ग्रॅमच्या आसपास कोरडं खाद्य. वजन उतरवायचं तर त्याहून कमी. लॅब्राडोरच्या ४८ पिल्लांच्या चोवीस जोड्या करून जन्मभर एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शाने कमी खायला घातलं होतं. २००२ मध्ये निकाल छापला. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली. सांधेही उशिरा दुखायला लागले.

खवट_खोबरं

तो अभ्यास प्युरिनाचा. खाद्य विकणाऱ्या कंपनीचाच.

तिसऱ्या_वर्षाचा

हो. ‘आमचा माल कमी घाला’ असं सांगणाऱ्या अभ्यासात कंपनीचा डाव शोधा बघू.

मळेकरी

आता मस्करी सोडून एक विचारायचंय. आमची दुसरी कुत्री परवा व्यायली. पाच पिल्लं. तिला भाकरी-ताकच चालू आहे. तुमचं ते हाडाचं वाचून जरा धास्ती वाटली. बायको म्हणते अंड्याची टरफलं वाटून घाल. किती घालू?

तिसऱ्या_वर्षाचा

टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरला अगदी पीठ करा. सपाट छोट्या चमच्यात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम बसतं. पण पाच पिल्लांना पाजणाऱ्या आईला नुसतं कॅल्शियम पुरत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागेल, आणि भाकरीने पोट भरेल पण तेवढी प्रथिनं मिळणार नाहीत. अंडी, पोटा-कलेजी थोडी, मासळी द्या. सगळ्यात सोपं म्हणजे पिल्लांसाठीचं पाकीट तिलाच दीड-दोन महिने घाला. ते घातलं तर टरफलं नकोत. थरथरायला लागली, धापा टाकायला लागली तर रात्र असली तरी डॉक्टर गाठा, रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं.

मळेकरी

म्हणजे फिरून पाकीटच!

सांगोल्यात एक दुकान आहे. बाजाराच्या दिवशी बघतो. बंद पिशवीच घेतो, सुटं नाही.

शेपूटवाली

मीही आज एक केलं. गोट्याचं खाणं स्टीलच्या पेल्याने मोजते, दिवसाला तीन पेले. एक पेला १३० ग्रॅमचा असं धरून चालले होते. सासूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. १७०. म्हणजे तीन वर्षं रोज १२० ग्रॅम जास्त, चारशेवर कॅलरी! हे सांगत होते तर सासूबाई पोळ्या लाटत होत्या आणि काट्याशेजारी गोट्याची चानकी तयार होती, तूप लावून. ती पण तोलली. ४० ग्रॅम. "दिवसाला किती?" विचारलं, तर म्हणाल्या, "एकच. सकाळची वेगळी."