मेथचा सार्वजनिक खर्च: २३.४ अब्जांचा आकडा कसा वाचायचा?

हिशेबी: मेथॅम्फेटामाइन (मेथ) या उत्तेजक अमली पदार्थामुळे अमेरिकेला २००५ साली २३.४ अब्ज डॉलरचा फटका बसला, हा रँड या अमेरिकी संशोधन संस्थेचा आकडा सगळीकडे दिसतो. यात तिजोरीतून प्रत्यक्ष गेलेला पैसा किती? उपचारांचा वाटा एवढा कमी का? मला यावर व्याख्यान द्यायचं आहे, त्यात हाच आकडा महाराष्ट्राला लावला तर चालेल का?

खतावणी: २३.४ हा मधला अंदाज आहे. त्याच अहवालात खालची हद्द १६.२ आणि वरची ४८.३ अब्ज दिली आहे. एकटा आकडा सांगू नका. यातले १६.६ अब्ज कोणाच्याच खात्यातून गेलेले नाहीत. व्यसनाने खालावलेलं जगणं आणि अकाली मृत्यू यांची ती पैशांत मांडलेली किंमत आहे. उरलेल्यात गुन्हे, कोर्ट, तुरुंग मिळून ४.२ अब्ज. मग मुलं: आईबापांपासून काढून दुसऱ्या कुटुंबांत ठेवावी लागलेली, त्यांचे ९० कोटी डॉलर. हा आकडा व्याख्यानात नक्की सांगा, तो नेहमी गाळला जातो. बुडालेलं काम ६९ कोटी, उपचार ५४.५, इतर आरोग्यसेवा ३५, घरात मेथ बनवणाऱ्या अड्ड्यांच्या विषारी घाणीची सफाई वगैरे ६. हेही सगळं सरकारी नाही. चोरीचा तोटा ज्याच्या घरी चोरी झाली त्याचा.

ओपीडी: उपचारांचा आकडा म्हणजे झालेला खर्च, गरज नव्हे. हेरॉइनचं व्यसन सोडवायला मेथाडोन आहे, तसं मेथसाठी मान्यताप्राप्त औषधच नाही. सर्वांत चांगला परिणाम बक्षीस पद्धतीचा दिसतो: आठवड्यातून दोनदा लघवीची तपासणी, निकाल स्वच्छ आला की लगेच कूपन, सलग स्वच्छ आल्यास रक्कम वाढती, चुकल्यास पुन्हा पहिल्या रकमेपासून. बक्षीस चार दिवसांनी दिलं की परिणाम ओसरतो. पैसे वाचवायला रक्कम फार लहान ठेवली तरी तेच.

खतावणी: सफाईचा खर्च नंतर घटला, कारण २००६ पासून स्यूडोएफेड्रिनच्या (सर्दीच्या गोळ्यांतलं औषध, ज्यापासून मेथ बनवतात) विक्रीवर एका ग्राहकाला दिवसाला ३.६ ग्रॅमची मर्यादा आली. पण उत्पादन मेक्सिकोत गेलं, व्यसन तिथेच राहिलं. शिवाय २०२१ मध्ये मेथप्रधान उत्तेजकांच्या अतिसेवनाचे मृत्यू ३० हजारांवर गेले, बऱ्याच वेळा सोबत फेंटानिल हे अफूच्या जातीचं अतितीव्र औषध. २००५ चा हिशेब आज फार तोकडा आहे.

ओपीडी: महाराष्ट्राला तो लावू नका. इथे पकडलं जाणारं ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन हा वेगळा उत्तेजक, मेथ नव्हे. दोन्हींची व्यापारी मात्रा (जिच्यापासून सर्वांत कडक शिक्षा लागते) अमली पदार्थविरोधी कायद्यात ५० ग्रॅम असल्याने बातम्यांत गल्लत होते.