लॅपटॉपच्या स्पीकरमधून टक्, चरचर आणि फडफड : खरंच साउंड आयसी गेली आहे का?

पांढरी_चार

लॅपटॉप १४ इंची, तीन वर्षं जुना, विंडोज ११, रिअलटेकची साउंड चिप. वापर मुख्यतः पेटी-तबल्याची रेकॉर्डिंग ऐकायला आणि ऑनलाइन शिकवणीला. स्पीकरमधून तीन तऱ्हेचे आवाज येतात.

काहीही वाजवायला घेतलं की सुरुवातीला एक "टक्". थांबवलं की दहाएक सेकंदांनी पुन्हा "टक्".

चालू आवाजात मध्येच चरचर, लाह्या फुटाव्यात तशी. मोठी फाइल डाउनलोड होत असताना जास्त. आवाज २० वर ठेवा नाहीतर ८० वर, फरक पडत नाही.

पेटीच्या मधल्या सप्तकात पांढरी ४ आणि काळी ३ लागली की स्पीकर फडफडतो. पण आवाज ६० च्या वर नेला तरच. बाकीच्या सुरांना जवळजवळ नाही.

ऑडिओ ड्रायव्हर दोनदा काढून पुन्हा टाकला, काही उपयोग नाही. दुकानात "साउंड आयसी गेली, बोर्डाचं काम निघेल" असं सांगितलंय. त्याआधी घरी काय काय तपासता येईल?

कंपनसंख्या

बोर्डाला सध्या कुणालाही हात लावू देऊ नका. तुमचे तीन आवाज म्हणजे तीन वेगळे दोष दिसतात, आणि त्यांची कारणं एकमेकांपासून लांब आहेत. चिप बिघडली तर ती सूर निवडत बसत नाही, आणि डाउनलोड थांबलं म्हणून बरीही होत नाही.

आवाजाची वाट अशी असते: प्रोग्राम, विंडोजचं ऑडिओ इंजिन, ड्रायव्हर, कोडेक चिप (आकड्यांतला आवाज विजेच्या लहरीत बदलणारी, दुकानदाराची 'साउंड आयसी'), ॲम्प्लिफायर, शेवटी स्पीकर. दोष कुठे आहे हे ओळखायला ही वाट मध्येच वळवायची.

आधी वायरचा हेडफोन लावा. इथे फक्त शेवटचा तुकडा बदलतो. फडफड गेली तर दोष स्पीकरकडे किंवा त्याच्या ॲम्प्लिफायरकडे. मग यूएसबी हेडफोन किंवा यूएसबी साउंड कार्ड लावा. यात लॅपटॉपची कोडेक चिप पूर्णपणे बाजूला राहते. तरीही चरचर आली तर चिपचा संबंध संपला. ब्लूटूथवर ही चाचणी करू नका. २.४ गिगाहर्ट्झ वायफायच्या गर्दीत ब्लूटूथ स्वतःच अडखळतं आणि निष्कर्ष चुकतो.

तिसरी चाचणी बॅलन्सची. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, मग स्पीकर. तिथे डावा आणि उजवा आवाज वेगळा करता येतो. डावा शून्यावर नेऊन पेटी वाजवा, मग उजवा. दोष एकाच बाजूला सापडला तर तो यांत्रिक असण्याची शक्यता खूप मोठी, कारण ड्रायव्हर एका बाजूवर राग धरत नाही.

ऐकायला गाणं नको, तंबोरा लावा. सतत आणि एकसारखा नाद असल्यामुळे त्यातली एक चटकसुद्धा लपत नाही. फडफडीसाठी २०० ते १००० हर्ट्झची हळू चढत जाणारी टोन फाइल घ्या. पांढरी ४ म्हणजे सुमारे ३४९ हर्ट्झ आणि काळी ३ सुमारे ३७०. त्या पट्ट्यातच फडफड आली तर काहीतरी सैल आहे आणि ते त्या कंपनसंख्येला साथ देतंय.

बफर_रिकामा

चरचरीपुरतं लिहितो. विंडोजचं ऑडिओ इंजिन साधारण १० मिलिसेकंदांचे घास करून आवाज पुढे ढकलतं. ४८,००० हर्ट्झला एक घास म्हणजे ४८० नमुने. पुढचा घास वेळेत पोचला नाही की लहर मध्येच तुटते, आणि तुटलेल्या लहरीची कडा कानाला "चट्" अशी ऐकू येते. अशा चटा लागोपाठ आल्या की झाली चरचर. म्हणूनच तुमच्याकडे आवाज कमी-जास्त केल्याने फरक पडत नाही.

घास उशिरा पोचण्याचं नेहमीचं कारण म्हणजे दुसरंच एखादं ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतं. डाउनलोडच्या वेळी वाढतंय म्हणजे पहिला संशय वायफायवर. कुठलं ड्रायव्हर प्रोसेसर किती वेळ अडवतं ते मोजणारं लेटन्सीमॉन हे मोफत साधन घ्या, तंबोरा आणि डाउनलोड दोन्ही चालू ठेवून १५ मिनिटं चालवा आणि 'ड्रायव्हर्स' टॅबमध्ये सर्वाधिक वेळेच्या रकान्यावर क्रम लावा. ड्रायव्हरचं प्रोसेसर अडवणारं असं एक काम १०० मायक्रोसेकंदांपेक्षा (०.१ मिलिसेकंद) लांबू नये अशी मायक्रोसॉफ्टची ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सूचना आहे. प्रत्यक्षात ३०० ते ५०० दिसलं तरी कानाला त्रास होत नाही. १,००० च्या, म्हणजे १ मिलिसेकंदाच्या, वर वारंवार जाऊ लागलं की चरचर सुरू होते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. यादीत सगळ्यात वर एनडीआयएस डॉट सिस दिसलं तर ते स्वतः गुन्हेगार नसतं. तो विंडोजचा नेटवर्कचा सामाईक थर आहे, त्याच्या नावावर वायफाय कार्डाच्या ड्रायव्हरचा वेळ चढतो. तसंच एसीपीआय डॉट सिस दिसलं तर बायोस आणि बॅटरीची तपासणी करणारा भाग, एनव्हीएलडीडीएमकेएम दिसलं तर एनव्हिडियाचं ग्राफिक्स.

खात्री करायची तर वायफाय डिव्हाइस मॅनेजरमधून 'डिसेबल' करा आणि लॅपटॉपमध्येच साठवलेली फाइल वाजवा. शांत झालं तर वायफाय ड्रायव्हर बदला. लॅपटॉप कंपनीच्या पानावरचं आणि वायफाय चिप बनवणाऱ्या कंपनीचं, दोन्ही आवृत्त्या आळीपाळीने टाकून लेटन्सीमॉन पुन्हा चालवा. नवीन ते चांगलं असं गृहीत धरू नका, कधी कधी एक पाऊल मागची आवृत्तीच बरी निघते.

यानंतरही उरलं तर पॉवर ऑप्शन्समध्ये 'पीसीआय एक्स्प्रेस, लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद करा आणि 'मिनिमम प्रोसेसर स्टेट' ५ वरून १०० टक्क्यांवर नेऊन बघा.

झोपाळू_कोडेक

"टक्" म्हणजे कोडेक झोपतोय आणि उठतोय. काही सेकंद आवाज नसला की वीज वाचवायला त्याचा पुरवठा बंद होतो, आणि तो चालू-बंद होताना स्पीकरच्या टोकांवरचा विद्युतदाब एकदम बदलतो. स्पीकरच्या पडद्याला बसलेला तो धक्का तुम्हाला ऐकू येतो. लॅपटॉपला यातून इजा नाही.

आधी खात्री करा. ज्यात आवाज नाही अशी निःशब्द फाइल मागे सतत वाजत ठेवा. तेवढा वेळ "टक्" पूर्ण थांबलं तर निदान पक्कं.

उपाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत आहे, म्हणून आधी रिस्टोअर पॉइंट करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रिअलटेकच्या नावावर दोनदा क्लिक, डिटेल्स टॅब, 'ड्रायव्हर की' निवडा. तिथे ४डी३६ई९६सी ने सुरू होणारं लांब नाव आणि शेवटी चार आकडी क्रमांक दिसेल. तो क्रमांक प्रत्येक मशीनवर वेगळा असू शकतो, अंदाजाने घेऊ नका. रजिस्ट्रीत 'करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास' यांच्या खाली तीच जागा उघडा आणि तिच्यातली 'पॉवर सेटिंग्ज' की. 'परफॉर्मन्स आयडल टाइम' हा चार्जर लावलेला असतानाचा वेळ, 'कॉन्झर्व्हेशन आयडल टाइम' हा बॅटरीवरचा. दोन्हींचे चारही बाइट शून्य केले की झोपण्याचं घड्याळच बंद होतं. मग रीस्टार्ट. बॅटरीवर वीज वाचवायची असेल तर फक्त पहिला शून्य करा.

लिनक्सवाल्यांसाठी: एचडीए इंटेल मॉड्यूलचा 'पॉवर सेव्ह' हा पॅरामीटर शून्य करा. टीएलपी (वीज वाचवणारं साधन) चालू असेल तर तिथलं आवाजाचं पॉवर सेव्हसुद्धा शून्य हवं, नाहीतर ते तुमचं सेटिंग परत पुसून टाकतं. पाइपवायरवर (लिनक्सचं ऑडिओ इंजिन) चरचर येत असेल तर त्याच्याच पीडब्ल्यू-टॉप या साधनातल्या चुकांच्या रकान्याकडे बघा. आकडा चटांच्या बरोबरीने वाढत असेल तर क्वांटम, म्हणजे एका घासातले नमुने, १०२४ वरून २०४८ करा. ४८,००० हर्ट्झला हा फरक २१ वरून ४३ मिलिसेकंदांचा, गाणी ऐकताना जाणवत नाही.

कंपनसंख्या

वरच्या 'मिनिमम प्रोसेसर स्टेट' १०० टक्के करण्याबद्दल एक दुरुस्ती. ते फक्त 'प्लग्ड इन' खाली करा आणि चाचणीपुरतंच ठेवा, नाहीतर लॅपटॉप तापतो आणि पंखा थांबत नाही. मॉडर्न स्टँडबाय (फोनसारखी अर्धवट झोप) असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर हा पर्याय दिसतही नाही. दिसला नाही तर सोडून द्या, मूळ उपाय ड्रायव्हरचाच आहे.

पांढरी_चार

सगळ्या चाचण्या केल्या.

वायरचा हेडफोन: टक् आहे पण बारीक, चरचर तशीच, फडफड अजिबात नाही. यूएसबी हेडफोन: टक् नाही, चरचर आहे. बॅलन्स उजवीकडे पूर्ण नेला की फडफड गायब, डावीकडे नेला की स्पष्ट. टोन फाइलवर साधारण ३४० ते ३८० हर्ट्झमध्ये.

लेटन्सीमॉन: एनडीआयएस डॉट सिस, सर्वाधिक ६.१ मिलिसेकंद. वायफाय डिसेबल केल्यावर सगळ्यात मोठा आकडा ०.३, चरचर शून्य. निःशब्द फाइल मागे चालू असताना टक् थांबतं.

आता डाव्या स्पीकरचं काय करायचं? मागचं झाकण उघडायची तयारी आहे.

कथील_६०_४०

उघडा, पण क्रमाने.

लॅपटॉप शटडाउन करा आणि चार्जर काढा. स्क्रू लांब-आखूड असतात, म्हणून कागदावर झाकणाचं चित्र काढून जागच्या जागी चिकटवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर तो बोर्डात घुसतो. झाकण प्लास्टिकच्या पट्टीने उचका, लोखंडी पाना नको. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं.

तिथेच बॅटरी नीट बघा. ती सपाट हवी. उशीसारखी फुगली असेल तर ती स्पीकरच्या डब्याला किंवा झाकणाला रेटते आणि नेमकी अशीच फडफड होते. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, परत चार्ज करायची नाही. थेट बदलायची.

बॅटरी ठीक असेल तर स्पीकरकडे वळा. लॅपटॉपचा स्पीकर बहुधा बंद प्लास्टिक डब्यात असतो आणि तो डबा रबरी बुचांवर तोललेला असतो. एखादं बूच निसटलं, सुकलं किंवा मागे कुणी उघडताना हरवलं की डबा थेट झाकणावर थरथरतो. ठरावीक सुरालाच फडफड होण्याचं हे फार नेहमीचं कारण. बूच नसेल तर १ मिलिमीटर जाडीचा फोम टेप डबा आणि झाकण यांच्या मध्ये द्या, पडद्यासमोर मात्र नको. स्पीकरची वायर तिच्या खाचेत बसली आहे का तेही बघा. सुटी वायर डब्याला लागून डुलत असली तरी हाच आवाज येतो.

मग जाळी आणि पडदा. स्पीकरमागे चुंबक असतो, तो स्टेपलरच्या पिनांचे तुकडे आणि लोखंडाचा कीस ओढून धरतो. हे तुकडे चिमट्याने काढू नका. चुंबक चिमटाच खेचतो आणि टोक पडद्यात जातं. चिकटपट्टीचं टोक दुमडून कण टिपून घ्या. ब्लोअर किंवा दाबाची हवा पडद्यावर मारायची नाही, कडेची पातळ पट्टी जागेवर फाटते.

पडदा टॉर्चखाली तिरका धरून कड तपासा. कड फाटलेली किंवा सुटलेली असेल तर फेविक्विक लावण्याचा मोह टाळा. ते पातळ असल्यामुळे कॉइलच्या फटीत उतरतं आणि पडदा कायमचा अडकतो. अडकला नाही तरी कड कडक होऊन आवाज बिघडतो. अशा वेळी स्पीकर बदलणंच योग्य.

बदलण्याआधी मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवून दोन्ही स्पीकर मोजा. मल्टिमीटरच्या वायरींची टोकं आधी एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो, ८ ओहमचा ६.५ ते ७.५. दोन्ही स्पीकर जवळपास सारखे हवेत. आकडा उड्या मारत असेल तर कॉइलची तार तुटायला आली आहे किंवा कनेक्टर गंजलाय. कोकण-गोव्याच्या दमट हवेत कनेक्टरच्या पिना हिरवट-काळ्या पडलेल्या आढळतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, पूर्ण सुकू देऊन मगच जोडा.

नवीन घेताना मॉडेलचं नाव पुरेसं नाही. स्पीकरवरच्या स्टिकरवरचा भाग क्रमांक जुळवा आणि डावा-उजवा जोडीनेच घ्या, नाहीतर दोन बाजूंचा पोत वेगळा ऐकू येतो. सोल्डर करायची वेळ आली तर अधिक-उणे उलटं होऊ देऊ नका, खर्ज नाहीसा होतो.

आणि एक धोक्याची गोष्ट. या स्पीकरचं कुठलंही टोक ग्राउंड नसतं, दोन्ही टोकं ॲम्प्लिफायर चालवत असतो. चाचणी करताना उणे टोक बॉडीला लावलं किंवा दोन्ही स्पीकरची उणे टोकं एकत्र जोडली तर चांगला असलेला ॲम्प्लिफायर जळू शकतो. मग मात्र बोर्डाचं काम खरंच निघेल.

बफर_रिकामा

स्पीकर नवीन घातला तरी फाटण्याचं कारण तसंच राहू नये. व्हीएलसी १०० टक्क्यांच्या वर नेणं, ब्राउझरमधले आवाज वाढवणारे एक्स्टेन्शन, इक्वलायझरमध्ये खर्ज वर ओढणं, या सगळ्यांनी लहरीची शेंडी कापली जाते. एवढासा स्पीकर खर्ज वाजवू शकत नाही, पण पडदा मात्र पूर्ण ताकदीने हलत राहतो. खर्ज वाढवण्याऐवजी २०० हर्ट्झच्या खालचा भाग उतरवा. डग्ग्याचा घुमारा वरच्या स्वरांशांवरून कान ओळखतो आणि स्पीकरचा ताण कमी होतो. 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' एकदा बंद करून फरक ऐका. बंद केल्यावर आवाज फारच किरटा झाला तर कंपनीने त्या स्पीकरसाठीच केलेली जुळणी त्यात आहे असं समजा आणि चालू ठेवा.

पांढरी_चार

डाव्या डब्याचं एक रबरी बूच जागेवर नव्हतं आणि जाळीमागे पिनेचा तुकडा होता. पडदा शाबूत. ओहम डावा ३.६, उजवा ३.५. पिन टिपली, फोम दिला, ८० वर नेऊनही पांढरी ४ स्वच्छ. वायफायचं एक आवृत्ती मागचं ड्रायव्हर टाकलं, आता सर्वाधिक ०.४ मिलिसेकंद. टक् रजिस्ट्रीने गेलं. विंडोज अपडेट झाल्यावर हे सगळं टिकेल का?

झोपाळू_कोडेक

वायफायचं ड्रायव्हर अपडेटमधून पुन्हा नवीन येऊ शकतं. आलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरा. आत्ताच्या चांगल्या ड्रायव्हरची इन्स्टॉलर फाइल आणि आवृत्तीचा क्रमांक जपून ठेवा. रिअलटेकचं ड्रायव्हर बदललं तर पॉवर सेटिंग्जमधले आकडे मूळपदावर जातात, कधी तो चार आकडी क्रमांकही बदलतो. म्हणून ती की आत्ताच 'एक्स्पोर्ट' करून ठेवा, पण परत टाकण्याआधी 'ड्रायव्हर की' बघून क्रमांक तोच आहे याची खात्री करा.