हराळी, लव्हाळा आणि आपली बाग : तुमचे अनुभव लिहा

कडीपत्ता (पुणे)

दर पावसाळ्यात तोच प्रश्न येतो, "बागेतलं गवत जात नाही, काय टाकू?" गवत कोणतं आहे असं उलट विचारलं की पुढचा माणूस गप्प. म्हणून हे अनुभव एका जागी गोळा करूया. फक्त गवतासारखी दिसणारी चिवट तणं घ्या. काँग्रेस गवत, घाणेरी वगैरे मंडळी इथे नकोत. जमीन कशी आहे (काळी, लाल, मुरमाड की बिल्डरने टाकलेला भराव), ऊन किती येतं आणि कोणत्या महिन्यात काय केलं, एवढं मात्र लिहा. "आम्ही मीठ टाकलं, गेलं" यातून कुणाला काही कळत नाही.

ओळखीपुरतं सांगते. दांडा बोटांत धरून फिरवा. तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा, म्हणजेच नागरमोथा. दिसतो गवतासारखा, पण गवताच्या कुळातला नाही. दांडा गोल, जमिनीवर सरपटणारा आणि पेरापेराला मुळं फुटलेली असतील तर हराळी. दोन्ही नसेल आणि हाताने ओढल्यावर झुपका मुळासकट निघून येत असेल, तर ते बियांवर येणारं हंगामी गवत. ते फुलोऱ्यावर यायच्या आत उपटत राहिलं की वर्षागणिक कमी होतं. खरी डोकेदुखी पहिल्या दोघांची, आणि दोघांचे उपाय वेगळे.

माझ्याकडे लव्हाळा आला तो वाफ्यांसाठी मागवलेल्या लाल मातीच्या ट्रॉलीतून. आता माती उतरवून घेण्याआधी दोन घमेली पसरून बघते. काळपट, शेंगदाण्याएवढ्या गाठी दिसल्या की ट्रॉली परत.

ऊसकरी (सांगली)

हराळीबद्दल लिहितो, कारण आमची जमीन काळी आणि हराळी पिढीजात.

पहिली गोष्ट, खुरप्याने हराळी जात नाही. खुरपं वरचा पाला कापतं, खाली काशा (जमिनीखालचे दांडे) तशाच राहतात, आणि कापलेल्या काशीच्या प्रत्येक पेरातून नवीन फुटवा येतो. रोटर मारला तर विचारूच नका. एका काशीचे दहा तुकडे होतात आणि सगळ्या रानात पेरले जातात. घरच्या बागेत लोक भाड्याने छोटा पॉवर टिलर आणतात, चार दिवस माती छान भुसभुशीत दिसते, पहिल्या पावसानंतर गालिचा तयार.

आमच्याकडे जुनी माणसं करायची तेच अजून चालतं. मे महिन्यात वळीव पडतो. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी वाफसा येतो, म्हणजे माती मुठीत दाबली तर गोळा होते आणि अंगठ्याने दाबली तर फुटते. तो वाफसा गाठायचा. काळी माती कोरडी असेल तर कुदळ उसळते आणि काशा तुटतात, ओली असेल तर चिखलातून ओढताना तुटतात. वाफशावर टिकावाने वीतभर खोल ढेकूळ उलटं करायचं, हाताने फोडायचं आणि काशी शेंड्यापासून मागे सोडवत न्यायची. पांढरी, दोरीसारखी, पुढचं टोक सुईसारखं टोकदार. ते टोक आत राहिलं तर काम वाया. आमची आई आणि चुलती पाटी घेऊन बसायच्या, आणि पोरांना काम एकच, माती झटकून काशा पाटीत टाकायच्या.

वेचलेल्या काशा बांधावर टाकू नका. बांधावर पडलेली हराळी जगते. पत्र्यावर किंवा गच्चीवर पसरा, मेच्या उन्हात पार कुरकुरीत होऊ द्या, मग जाळा किंवा खड्ड्यात टाका. ओल्या काशा कंपोस्टमध्ये गेल्या तर ते कंपोस्ट म्हणजे हराळीची नर्सरी.

एका उन्हाळ्यात संपत नाही. जूनमध्ये राहिलेल्या काशा कोंब काढतात, तेव्हा कोवळ्या असतानाच परत काढायच्या. त्या महिन्याभरात आळस केला की मेची मेहनत पाण्यात.

मोगरा_आणि_जाई (नाशिक)

काका, सगळी काढू नका. गणपतीत दूर्वांची जुडी विकत आणावी लागते तेव्हा कळतं. मी जुन्या फुटक्या टाकीत थोडी हराळी ठेवली आहे. टाकी फरशीवर आहे, जमिनीशी संबंध नाही, आणि लोंबणारे धावते फुटवे कापत राहते.

ऊसकरी (सांगली)

ताई, टाकी असेल तर हरकत नाही. कोपरा ठेवला म्हणणाऱ्यांचा कोपरा पुढच्या वर्षी अंगणभर होतो.

निंदण (चंद्रपूर)

आमच्या इकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या वर जाते, तर म्हटलं त्याचा उपयोग करून घेऊ. कृषी विद्यापीठवाले सांगतात ते मातीचं सौरनिर्जंतुकीकरण केलं. वाफा सपाट केला, ढेकळं फोडली, भरपूर पाणी दिलं आणि वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून चारही कडा मातीत गाडल्या. प्लास्टिक पारदर्शकच पाहिजे. काळ्या कागदाखाली माती तेवढी तापत नाही, काळा कागद स्वतःच तापते. आणि ओल पाहिजे, कारण ओल्या मातीत उष्णता खोल उतरते आणि भिजलेलं बी लवकर मरते. पाच-सहा आठवडे ठेवलं. मधे कुत्रं चालून गेलं तर भोक पडते, तिथे लगेच चिकटपट्टी.

निकाल सांगतो. बियांचं गवत जवळजवळ संपलं, पावसाळ्यात निंदणाचं काम निम्म्यावर आलं. हराळीच्या वरच्या काशा शिजल्या, खोलवरच्या नाही. लव्हाळ्यानं मात्र काही मनावर घेतलं नाही. प्लास्टिक होतं तोवरच त्याची पात खालून टोचून वर आली होती. ज्यांच्याकडे फक्त लव्हाळा आहे त्यांनी या उपायावर पैसे घालवू नयेत, असं माझं मत.

आणि हो, नंतर माती खोल खणू नका. खालचं जिवंत बी वर आणलं तर सगळं परत सुरू.

ताम्हण (रत्नागिरी)

कोकणात ते ऊन कुठे, मेच्या शेवटापासूनच ढग. आमचा उपाय सावलीचा. हराळीला सावली मानवत नाही हे कुणाच्याही कलमांच्या बागेत दिसतं. भर झाडाखाली हराळी नसते, उघड्या पायवाटेवर असते.

मी हराळी जमिनीलगत कापली, वर खोक्यांचे पुठ्ठे (चिकटपट्टी आणि पिना काढून) कडा एकमेकींवर वीतभर चढवून अंथरले, भिजवले आणि त्यावर झावळ्या, सोडणं (नारळाची सालं) आणि गुडघाभर पालापाचोळा. एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा तसंच ठेवलं. खालची हराळी पिवळी पडून कुजली. जिथे दोन पुठ्ठ्यांमध्ये फट राहिली, तिथून मात्र ती बरोब्बर बाहेर आली, आणि कडेने आत येण्याचा प्रयत्न अजून चालू आहे. वाळवी येते, पण ती पुठ्ठा खाते. झाडाच्या बुंध्याला पाचोळा टेकवू नका म्हणजे झालं.

लव्हाळा पुठ्ठ्यातून वर आला. तिथे मग रताळ्याचे वेल सोडले. वेल दाट झाले की खाली उजेड पोचत नाही आणि लव्हाळा बारीक, फिकट होत जातो. मरत नाही, पण जोर जातो. शिवाय रताळी मिळाली.

बिनपाण्याचा (लातूर)

शेळी पाळा. विषय संपला.

मोगरा_आणि_जाई (नाशिक)

शेळी आधी जास्वंद खाईल, मग गुलाब, आणि मग वेळ उरला तर हराळी.

कडीपत्ता (पुणे)

लव्हाळ्याचं बरंच विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकदा लव्हाळ्याची पात न ओढता, बाजूने खोदून सगळं बाहेर काढून बघा. पातीच्या बुडाशी एक गाठ, तिच्यापासून काळी, तारेसारखी टणक मुळी, तिच्या टोकाला दुसरी गाठ, तिथून पुढे तिसरी. नखाने गाठ खरवडली की आत पांढरी आणि उटण्याचा वास. माळेतल्या सगळ्या गाठी एकदम उगवत नाहीत. एक-दोन वर येतात आणि बाकीच्यांना दाबून ठेवतात. आपण वरची पात ओढली की मुळी मधेच तुटते, दाब सुटतो आणि झोपलेल्या गाठी जाग्या होतात. उपटल्यावर दुप्पट उगवला असं सगळे म्हणतात त्याचं कारण हे.

मग उपटायचं की नाही? उपटायचं, पण सोडायचं नाही. गाठीत साठा मर्यादित असतो. पात वर आली की सुरुवातीला ती गाठीतलं खाते, नंतर स्वतः कमावून खाली पाठवते, आणि तीन-चार आठवड्यांत नवीन गाठी धरू लागतात. तोवर तिला पोचूच द्यायचं नाही. म्हणजे दर आठ-दहा दिवसांनी फेरी, जून ते ऑक्टोबर. पहिल्या पावसाळ्यात काहीच फरक दिसत नाही आणि लोक तिथेच सोडतात. माझ्याकडे दुसऱ्या वर्षी पाती बारीक झाल्या, नंतर वाफे मोकळे झाले. मोठी जागा असेल तर हे जमणार नाही हे कबूल. तिथे दाट ताग पेरून सावली करा.

कुंड्यांत असेल तर फार सोपं. मेमध्ये कुंडी गच्चीवर पालथी करा, माती पातळ पसरून कडक वाळू द्या, चाळणीने चाळा. गाठीला वाळणं सोसत नाही. चाळणीत उरलेल्या गाठी परत मातीत जाऊ देऊ नका.

फवारा (बारामती)

कुणीतरी तणनाशकाचं लिहायलाच हवं. शेतात आम्ही वापरतो, त्यामुळे सोवळं नाही. पण घरच्या बागेत मी वापरत नाही, आणि कारणं व्यवहारातली आहेत.

ग्लायफोसेट हिरव्या पानातून आत जाऊन काशांपर्यंत उतरतं, म्हणून हराळीवर लागू पडतं. पण पान हिरवं आणि वाढतं हवं. लोक आधी गवत कापतात, मग फवारतात, किंवा मेमध्ये सुकलेल्या हराळीवर मारतात. औषध जाणार कुठून? गढूळ पाण्यात कालवलं तर ते मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. आणि ते तण आणि गुलाब असा भेद करत नाही. वाऱ्यावर चार थेंब गेले तरी शेजारचं झाड वाकडंतिकडं फुटतं. 2022 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरताच ठेवला, त्यामुळे दुकानातून बाटली आणून मारा हा सल्ला तसाही देता येत नाही.

टू-फोर-डी गवतावर चालत नाही, ते रुंद पानांच्या तणांसाठी. तरी दरवर्षी कुणीतरी हराळीवर मारतं, हराळी हसते आणि टोमॅटो मरतो. उसात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिळतं, तेही भाज्यांच्या वाफ्यात आणू नका.

कडीपत्ता (पुणे)

धन्यवाद. औषधांचे डोस इथे कुणी लिहू नका ही विनंती. मीठ आणि व्हिनेगरचंही सांगून टाकते. व्हिनेगर पानं जाळतं, गाठी आणि काशा शाबूत राहतात. मिठाने गवताआधी माती मरते. फरशांच्या फटींत उकळतं पाणी ओतलं तर बारीक गवत जातं, तेवढंच.

टेक्सासची_ताई (डॅलस)

तुमचं वाचून हसू येतंय. इथे हराळीला बर्म्युडा म्हणतात आणि लोक पैसे देऊन लॉन म्हणून लावतात. आमच्या पुढच्या अंगणात लॉनच हराळीचं आहे, आणि मागच्या वाफ्यांत मी तीच उपटत असते. लॉन आणि वाफे यांच्यात पत्र्याची पट्टी गाडली आहे, तरी ती वरून उडी मारते, म्हणून कडेचे धावते फुटवे दर आठवड्याला कापावे लागतात.

लव्हाळाही आहे. लॉन कापल्यावर दोन दिवसांत ज्या पाती बाकीच्यांच्या वर डोकं काढतात, त्या त्याच. जिथे स्प्रिंकलरचं पाणी साचतं तिथे जास्त. पाणी कमी केल्यावर निम्मा त्रास कमी झाला. उन्हाळी क्रॅबग्रासचं वेगळं, त्याला उगवण्याआधीच अडवायचं, मातीचं तापमान 55 फॅरनहाइटला पोचायच्या आत.

नवीन_घर (छत्रपती संभाजीनगर)

सगळं वाचलं. माझा प्रश्न वेगळा आहे. माझी बाग स्वच्छ आहे, पण कंपाउंडच्या पलीकडे रिकामा प्लॉट, तिथे हराळीचं रान. भिंतीखालून येते. काय करू?

ऊसकरी (सांगली)

भिंतीला लागून आतल्या बाजूने वीतभर रुंद आणि तेवढाच खोल चर मारा आणि मोकळा ठेवा, भरू नका. काशी चरात आली की उघडी पडते आणि दिसते. पंधरा दिवसांनी एकदा विळा घेऊन फेरी मारायची. पावसाळ्यात चर गाळाने भरतो, तो उपसत राहा, नाहीतर त्याच गाळावरून ती चालत येईल. पाया जुना असेल तर चर भिंतीपासून हातभर अलीकडे घ्या.

नवीन_घर (छत्रपती संभाजीनगर)

पाया दगडी आहे, जुनाच. मग हातभर अलीकडे घेतो. भिंत आणि चर यांच्यामधल्या पट्ट्यात पुठ्ठा आणि पाचोळा चालेल ना ताम्हण?

ताम्हण (रत्नागिरी)

चालेल. पुठ्ठा भिंतीवर चार बोटं चढवा, फट तिथेच राहते.