एकच लॅपटॉप, दोन मुलं

उबुंटूवर (विंडोजऐवजी वापरतात ती फुकट लिनक्स प्रणाली) दोन मुलांनी शेजारी बसून काय खेळावं, असं विचारलंय. माझं मत सुपरटक्सकार्ट या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमला. फुकट आहे, जाहिराती नाहीत, उबुंटूच्या ॲप सेंटरमधूनच उतरतं. स्क्रीनचे भाग पाडून एकाच मशीनवर आठ जणांपर्यंत खेळता येतं.

खरी भांडणं कीबोर्डवरून होतात. दोघं एका कीबोर्डवर बसू शकतात, पण स्वस्तातला कीबोर्ड तीन-चार बटणं एकदम दाबली की एखादं गिळतो आणि मग "तू मुद्दाम केलंस!" सुरू. दुसरा यूएसबी कीबोर्ड जोडला तर बटणं गिळणं कमी होतं, पण दोघांना वेगवेगळी बटणं ठरवून द्यावीच लागतात. कारण बहुतेक गेमना दोन्ही मिळून एकच कीबोर्ड दिसतो. त्यापेक्षा वायरवाला गेमपॅड घ्या. एक्सबॉक्स पद्धतीच्या पॅडचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही; प्लेस्टेशन ५च्या पॅडसाठी सोनीचा अधिकृत ड्रायव्हर कर्नल ५.१२पासून आलाय.

धाकटं सारखं हरून रडत असेल तर थोरल्याला हँडिकॅप लावा, त्याची गाडी हळू होते. (बाबांनाही लावावा, तक्रार करू नये.)

गेमपॅड नकोच असेल तर हेजवॉर्स हा लढाईचा गेम बघा. पाळीपाळीने खेळायचं, त्यामुळे एक कीबोर्ड पुरतो. फक्त त्यात बॉम्ब-बंदुका आहेत, अगदी लहानांना मी देणार नाही.